ओबामाकेअरचा विमा: दुकान चकाचक, भाव मात्र झाकलेला

भुसावळ, चोपडा, शिरपूर, शहादा या पट्ट्यातली पुष्कळ मुलं-मुली आज अमेरिकेत आहेत. त्यांची नोकरी गेली, त्यांनी स्वतःचा धंदा काढला किंवा इथल्या आईवडिलांचं ग्रीनकार्ड झालं, की त्यांना एका सरकारी दुकानाची पायरी चढावी लागते. दुकानाचं नाव हेल्थकेअर डॉट गव्ह. तिथे विकला जाणारा खासगी कंपन्यांचा आरोग्यविमा लोकांच्या तोंडी ओबामाकेअर म्हणून बसला आहे. कायद्याचं खरं नाव अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट. २३ मार्च २०१० ला ओबामांनी त्यावर सही केली, आणि अंतिम मतदानात रिपब्लिकन पक्षाचं एकही मत त्याच्या बाजूने पडलं नव्हतं. त्या विम्याचं हे परीक्षण. लिहिणारा उजव्या विचारांचा आहे, म्हणजे सरकारने भाव ठरवण्यापेक्षा गिऱ्हाइकाला भाव दिसला पाहिजे असं मानणारा. तेवढी तूट धरून वाचावं.

आधी दुकान. १ ऑक्टोबर २०१३ ला ते उघडलं आणि पहिल्याच दिवशी कोलमडलं. त्या दिवशी देशभरातून फक्त सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली, हे सरकारी कागदांतच आहे. आता तसं राहिलेलं नाही. पिनकोड, घरातली माणसं, वय, अंदाजे उत्पन्न आणि तंबाखू, एवढं भरलं की यादी समोर येते. शुगर आहे का, बायपास झाली आहे का, असं कुणी विचारत नाही. जुना आजार म्हणून नाकारता येत नाही आणि त्यासाठी थांबायलाही लावता येत नाही. आपल्याकडच्या खासगी पॉलिसीत जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत वाट बघायला लावतात, त्या मानाने ही मोठीच गोष्ट. म्हाताऱ्या माणसाला तरुणाच्या तिपटीहून जास्त हप्ता लावायचा नाही, असंही बंधन आहे. जुन्या बाजारातली आजारी माणसाची कोंडी खरी होती आणि या कायद्याने ती फोडली, हे उजव्यांनी मोकळेपणाने मान्य करायला हरकत नाही.

मालाच्या चार प्रती आहेत: ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. सर्व ग्राहकांच्या एकूण खर्चापैकी कंपनी सरासरी अनुक्रमे ६०, ७०, ८० आणि ९० टक्के उचलेल, असा त्यांचा अर्थ. इथेच बहुतेक जण फसतात. ६० टक्के म्हणजे तुमच्या प्रत्येक बिलाचे ६० टक्के नव्हेत. ब्रॉन्झमध्ये साधारण सात हजार डॉलरपर्यंतचा खर्च आधी स्वतःच्या खिशातून करावा लागतो, त्याला डिडक्टिबल म्हणतात, आणि तोवर वार्षिक तपासणी व लसी सोडल्या तर कंपनी जवळपास काहीच देत नाही. वर्षभरात खिशातून जास्तीत जास्त किती जाईल याला मर्यादा आहे. २०२६ साठी ती एका माणसाला १०,६०० डॉलर आणि कुटुंबाला २१,२०० डॉलर. हप्ता त्यात धरत नाहीत. आणि ही मर्यादा फक्त नेटवर्कमधल्या, म्हणजे कंपनीशी करार असलेल्या, दवाखान्यांना लागू. एचएमओ किंवा ईपीओ प्रकारचा प्लॅन असेल तर तातडीची वेळ सोडून नेटवर्कबाहेर पाऊल टाकलं की सगळं बिल आपलं. कंपनीच्या यादीत डॉक्टरचं नाव असतं, फोन केला की कळतं ते नवे पेशंट घेतच नाहीत. त्यामुळे प्लॅन घेण्याआधी दवाखान्यात फोन करून प्लॅनचं पूर्ण नाव सांगून विचारायचं. नुसतं कंपनीचं नाव सांगून भागत नाही, एकाच कंपनीचे पाच-सहा नेटवर्क असतात.

सिल्व्हरची एक गोम आहे. एकट्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न ३९,१२५ डॉलरच्या आत असेल, तर सिल्व्हर प्लॅनवर, आणि फक्त सिल्व्हरवर, डिडक्टिबल व को-पे (दर भेटीला आपण भरायची रक्कम) कमी करून मिळतात. उत्पन्न ३१,३०० च्या आत असेल तर सिल्व्हर हा गोल्डपेक्षाही सरस ठरतो. असा माणूस हप्ता स्वस्त म्हणून ब्रॉन्झ घेतो तेव्हा हातातला माल टाकून टरफल उचलतो. उत्पन्न ३९ हजारांच्या वर असेल तर उलटं: तिथे सिल्व्हर बऱ्याचदा फुगवलेला असतो. कारण ऐकण्यासारखं आहे. ही सवलत दिल्याबद्दल कंपन्यांना सरकार जे पैसे देत असे, ते ट्रम्प सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्ये थांबवले. सवलत देणं मात्र कायद्याने बंधनकारकच राहिलं. मग बहुतेक राज्यांत कंपन्यांनी तो भार सिल्व्हरच्या हप्त्यावर टाकला. अनुदान सिल्व्हरच्या हप्त्यावरून ठरत असल्याने अनुदानही वाढलं, म्हणजे खर्च वाचवायला केलेल्या कृतीने तिजोरीचाच खर्च वाढवला. काही ठिकाणी त्यामुळे गोल्ड हा सिल्व्हरपेक्षा स्वस्त मिळतो. दोन्ही भाव शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय सही करू नये.

आता खरा मुद्दा, अनुदान. तुमच्या भागातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्वस्त सिल्व्हर प्लॅनचा हप्ता हा मापदंड. उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांपर्यंत तुम्ही भरायचं, वरचं सरकार थेट कंपनीला देतं. मूळ कायद्यात ही सोय दारिद्र्यरेषेच्या चौपटीपर्यंतच होती. २०२१ मध्ये डेमोक्रॅटिक बहुमताने कोविडच्या पॅकेजमध्ये ती चौपटीची अट उठवली आणि कुणीही उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांहून जास्त भरायचं नाही असं ठरवलं. २०२२ मध्ये दुसऱ्या कायद्याने मुदत २०२५ अखेरपर्यंत वाढवली. ती संपली आणि जुना कडा परत आला. २०२६ च्या विम्यासाठी तो एकट्याला ६२,६०० डॉलर, दोघांना ८४,६०० आणि चौघांना १,२८,६०० वर आहे.

कडा म्हणजे काय ते साठीच्या जोडप्यावरून समजतं. वर्षाला ८४,००० डॉलर मिळवणाऱ्या दोघांना मापदंडाच्या प्लॅनसाठी उत्पन्नाच्या ९.९६ टक्के, म्हणजे सुमारे ८,३७० डॉलर भरावे लागतात. ८५,००० मिळवणाऱ्यांना अनुदान शून्य, पूर्ण हप्ता. केएफएफ या अभ्याससंस्थेच्या हिशेबाने अशा जोडप्याचा हप्ता २०२५ च्या तुलनेत वर्षाला २२,६०० डॉलरनी वाढतो. हजार डॉलर जास्त कमावले, म्हणून हा दंड! शिवाय आणखी एक खुट्टी मारून ठेवली आहे. अनुदान अंदाजे उत्पन्नावर आगाऊ मिळतं आणि वर्षअखेरीस करविवरणात फॉर्म १०९५-ए व ८९६२ वरून हिशेब जुळवला जातो. पूर्वी परतफेडीला वरची मर्यादा होती. २०२६ च्या उत्पन्नापासून ती काढली. डिसेंबरमध्ये शेअर विकले, बोनस आला, कडा ओलांडला, की वर्षभराचं सगळं अनुदान परत. त्यावर उपाय आहे: पारंपरिक ४०१(के) हे निवृत्तीचं खातं आणि हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट हे उपचारासाठीचं बचतखातं, यांत टाकलेली रक्कम या उत्पन्नातून वजा होते. २०२६ पासून दुकानातले सगळे ब्रॉन्झ प्लॅन हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंटला चालतात. एकट्याला ४,४०० आणि कुटुंबाला ८,७५० डॉलरपर्यंत टाकता येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात एकदा उत्पन्नाची बेरीज करून पाहावी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग होत नाही, आणि उत्पन्न बदललं की संकेतस्थळावर लगेच कळवावं.

खानदेशातल्या कापूसवाल्याला हा प्रकार नवा वाटू नये. २०२३ च्या खरिपात राज्याने एक रुपयात पीकविमा दिला. कापसासारख्या नगदी पिकाला शेतकऱ्याचा वाटा विमा रकमेच्या पाच टक्के असायचा, तो सरकारने भरला. विम्याची खरी किंमत तेवढीच राहिली, फक्त शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोरून हलली. पाठोपाठ बोगस अर्ज आले, पीक नसलेल्या आणि सरकारी जमिनींवरही विमे निघाले, आणि २०२५ च्या खरिपापासून एक रुपया बंद झाला. अमेरिकेत शून्य हप्त्याच्या प्लॅनचं हेच झालं. माणसाला न विचारता दलालांनी त्याच्या नावावर प्लॅन काढले, कमिशन घेतलं. तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२४ साठी मुद्दाम चार काल्पनिक माणसांचे अर्ज टाकून पाहिले. चारही मंजूर झाले. हप्ता शून्य असला की महिन्याचं बिल येत नाही आणि आपल्या नावावर विमा आहे हेच माणसाला माहीत नसतं. अनुदान देऊच नये असं कुणी म्हणत नाही, पण दहा-वीस डॉलर तरी ग्राहकाने स्वतः भरावेत, ही उजव्यांची मागणी कंजूषपणाची नाही.

दोष कुणाचा, यावर तिथे १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे ४३ दिवस सरकारच बंद होतं, तोवरच्या इतिहासातलं सगळ्यात लांब. डेमोक्रॅट म्हणाले, रिपब्लिकन लोकांचा विमा काढून घेत आहेत. रिपब्लिकन म्हणाले, संपण्याची तारीख तुम्हीच लिहिली होती, आमचं एकही मत त्यात नव्हतं. दुसरं म्हणणं शब्दशः खरं आहे. दोन्ही कायदे एकाच पक्षाच्या मतांवर झाले, आणि दहा वर्षांचा खर्च कागदावर कमी दिसावा म्हणून मुदत आखूड ठेवली गेली. गिऱ्हाइकाला पाच वर्षं सवलतीची सवय लावायची आणि बिल दुसऱ्याच्या कारकिर्दीत येईल अशी तारीख घालायची, ही चलाखी डेमोक्रॅट पक्षाच्याच नावावर आहे. ‘तुमचा प्लॅन आवडत असेल तर तो तुमच्याकडेच राहील’ हे ओबामांचं आश्वासनही विसरण्याजोगं नाही. २०१३ मध्ये लाखो लोकांच्या घरी प्लॅन रद्द झाल्याची पत्रं पोहोचली होती.

पण मग आपल्या बाजूचं काय? २०१० पासून रिपब्लिकनांनी हा कायदा रद्द करण्यासाठी डझनावारी मतदानं घेतली. २०१७ मध्ये दोन्ही सभागृहं आणि अध्यक्षपद हातात आलं तेव्हा बदली कायदा तयार नव्हता. २८ जुलै २०१७ च्या पहाटे सेनेटमध्ये मत ४९ विरुद्ध ५१ पडलं. कॉलिन्स आणि मर्कोव्स्की या रिपब्लिकन सेनेटरांच्या जोडीला त्याच पक्षाच्या मॅकेन यांनी अंगठा खाली केला. उजव्या गोटात तेव्हापासून सगळा दोष मॅकेनवर ढकलायची रीत पडली आहे. ती सोयीची आहे, बरोबर नाही. सात वर्षं घोषणा देऊन आजारी माणसाला पर्याय काय देणार हे ज्यांना लिहिता आलं नाही, त्यांची ती हार होती. २०२५ च्या डिसेंबरात पुन्हा तेच: डेमोक्रॅटांची मुदतवाढ सेनेटमध्ये ६० मतांपर्यंत पोहोचली नाही, आणि अनुदानाऐवजी थेट बचतखात्यात पैसे देण्याची रिपब्लिकन योजनाही नाही.

हप्ता वाढतो तो उपचाराची किंमत वाढते म्हणून, आणि तिथे दोन्ही पक्षांचा हात आखडतो. महायुद्धात, १९४२ मध्ये, पगारवाढीवर बंदी आली. कारखानदारांनी कामगार टिकवायला विमा देऊ केला आणि १९५४ च्या करकायद्याने तो करमुक्त कायमचा करून टाकला. त्यामुळे विमा नोकरीला चिकटला, नोकरी सुटली की विमा सुटला, आणि बिल कितीचं झालं हे पेशंटला कळेनासं झालं. पुष्कळ राज्यांत नवं रुग्णालय किंवा यंत्र आणायला सरकारकडून ‘गरज आहे’ असा दाखला लागतो, आणि आधीपासून बसलेली रुग्णालयं त्याला हरकत घेतात. ओबामाकेअरने स्वतः डॉक्टरांच्या मालकीच्या नव्या रुग्णालयांना मेडिकेअरची, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याची, दारं बंद केली. निवासी डॉक्टरांच्या मेडिकेअरच्या पैशांवर चालणाऱ्या जागा १९९७ च्या कायद्याने गोठवल्या, तेव्हा तिथली संसद रिपब्लिकनांच्या हातात होती आणि सही क्लिंटन यांची. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे महाविद्यालयातून एमबीबीएस होऊन तिकडची परीक्षा देणाऱ्यांना या तुटवड्याची झळ ठाऊक आहे. कंपन्यांवर आणखी एक गमतीचं बंधन आहे: हप्त्यातले ८० टक्के उपचारांवरच खर्च करायचे. ऐकायला छान. पण नफा उरलेल्या वीस टक्क्यांतून काढायचा असेल, तर एकूण बिल मोठं झालेलं कंपनीला खुपतं कशाला?

चांगलं झालं ते बहुतेक गाजावाजा न होता. हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट २००३ चा, बुश यांच्या काळातला. अलास्काने २०१७ मध्ये पुनर्विमा आणला, म्हणजे अतिशय महागड्या पेशंटचा खर्च वेगळ्या निधीतून उचलला, आणि हप्ते उतरले. रुग्णालयांनी भाव जाहीर करायचा नियम १ जानेवारी २०२१ पासून. नेटवर्कमधल्या रुग्णालयात गेलो आणि भूल देणारा डॉक्टर नेटवर्कबाहेरचा निघाला, अशा अनपेक्षित बिलांवर बंदी आणणारा कायदा डिसेंबर २०२० मध्ये दोन्ही पक्षांच्या मतांनी झाला आणि २०२२ पासून लागू आहे. ज्यावर भांडण झालं नाही, तिथेच गिऱ्हाइकाचा खिसा वाचला.

आपल्याकडे याला समांतर योजना आहे, आणि धुळे जिल्हा तिच्या अगदी पहिल्या आठ जिल्ह्यांपैकी. जुलै २०१२ मध्ये ती राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, २०१७ मध्ये सरकार बदललेलं असताना महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली. आता पाच लाखांपर्यंत संरक्षण आणि पांढऱ्या रेशनकार्डालाही लाभ. पाटीवरून श्रेय घ्यायची चढाओढ इथेही आहेच. पण एका बाबतीत ती अमेरिकेच्या पुढे आहे: संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारलं तर कुठल्या शस्त्रक्रियेचं पॅकेज किती हे आधीच कळतं. दुखणं वेगळं आहे. तो दर सरकारने ठरवलेला असतो, आणि परवडला नाही की ‘खाट शिल्लक नाही’ असं उत्तर मिळतं किंवा बाहेरून साहित्य आणायला सांगतात.

आता कामाचं. तिकडे नोकरी गेली की दोन वाटा असतात. जुन्याच कंपनीचा विमा कोब्रा कायद्याखाली चालू ठेवायचा, हप्ता १०२ टक्क्यांपर्यंत, निर्णयाला साठ दिवस, आणि पैसे भरले तर संरक्षण पहिल्या दिवसापासून. किंवा साठ दिवसांच्या आत ओबामाकेअरच्या दुकानात खास नोंदणी करायची. दुकानातला विमा मागल्या तारखेपासून मिळत नाही, म्हणून मधल्या काळात काही झालं तर कोब्रा घेता येईल अशी तारीख राखून ठेवावी. एच-१बी वाल्यांनी नीट वाचावं: जुलै २०२५ च्या ट्रम्प कायद्याने २०२७ पासून त्यांचं अनुदान बंद होतंय. विमा विकत घेता येईल, पूर्ण भावाने. अनुदान मुख्यतः नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांपुरतं उरेल.

ग्रीनकार्डवर गेलेल्या आईवडिलांची स्थिती याहून अवघड. पासष्टी ओलांडली तरी मेडिकेअर विकत घ्यायला सलग पाच वर्षं वास्तव्य लागतं, मेडिकेड या गरिबांच्या सरकारी विम्यालाही बहुतेक ठिकाणी पाच वर्षांची अट. पूर्वी त्या मधल्या काळात कमी उत्पन्न दाखवून अनुदानित प्लॅन मिळायचा. २०२६ पासून दारिद्र्यरेषेच्या खाली, म्हणजे दोघांचं २१,१५० डॉलरच्या आत उत्पन्न असेल, तर तो मिळत नाही. मुलाने करविवरणात त्यांना अवलंबित दाखवलं तर मुलाचं उत्पन्न धरलं जातं आणि बहुधा कडा ओलांडला जातो. मग एका माणसाला महिन्याला हजार डॉलरच्या वर मोजायची तयारी हवी. उजव्या बाजूचा माणूस म्हणूनही हा भाग घाईत लिहिलेला वाटतो. नियम बदलायचा तर वर्षभर आधी सांगायला हवं होतं.

सहा महिन्यांसाठी नातवंडांकडे निघालेल्यांसाठी हे दुकान नाहीच. त्यांनी निघण्यापूर्वी प्रवासी विमा घ्यावा, आणि ‘फिक्स्ड बेनिफिट’ टाळून ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ घ्यावा. पहिल्यात प्रत्येक सेवेला ठरावीक रक्कम मिळते, आणि एका रात्रीच्या इमर्जन्सीत ती कुठल्या कुठे जाते. जुन्या आजारात ‘अचानक उद्भवलेला झटका’ एवढंच कव्हर असतं, तेही सहसा चोवीस तासांत उपचार घेतले तर, आणि सत्तरीनंतर मर्यादा झपाट्याने खाली येते. इमर्जन्सीत पैसे न विचारता तपासून स्थिर करणं १९८६ च्या कायद्याने रुग्णालयाला भाग आहे, बिल मागाहून येतं आणि तुकड्यांत येतं: रुग्णालयाचं वेगळं, डॉक्टरचं वेगळं, एक्स-रे वाचणाऱ्याचं वेगळं. पहिलं बिल आलं की लगेच भरू नका. बाबवार बिल मागा, आणि धर्मादाय रुग्णालय असेल तर आर्थिक मदतीचा अर्ज मागा. तसं धोरण ठेवणं त्यांना ओबामाकेअरनेच बंधनकारक केलं आहे.

पाचपैकी दुकानाला चार गुण, आजारी माणसाला दार उघडं ठेवल्याबद्दल चार, भावाला दीड. पुढच्या, २०२७ च्या विम्यासाठी केंद्रीय संकेतस्थळावरची नोंदणी १ नोव्हेंबरला उघडून १५ डिसेंबरला संपेल, पूर्वीसारखी जानेवारीपर्यंत चालणार नाही. टेक्सासवाल्यांना हीच तारीख. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया यांची दुकानं वेगळी आहेत, तारखा तिथेच पाहाव्यात. केंद्राने विमा नसल्याचा दंड २०१९ पासून शून्य केला असला, तरी या दोन राज्यांनी स्वतःचा दंड चालू ठेवला आहे.